काम बदलतं तेव्हा पाय थांबतात

हडपसरच्या मगरपट्ट्यात आज आयटी कंपन्यांच्या बसगाड्या जिथे रांगेने उभ्या राहतात, तिथे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ऊस आणि भाजीपाला होता. मगर आणि त्यांच्या भावकीतल्या सुमारे सव्वाशे शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांच्या आसपासची जमीन तुकड्या-तुकड्याने बिल्डरांना विकली नाही. ती एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात प्रत्येकाला शेअर दिले आणि सतीश मगर यांच्या पुढाकाराने त्या रानावर स्वतःच नगर वसवलं. नगररचनेच्या अभ्यासात हा प्रयोग आवर्जून सांगितला जातो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. इथे एका अख्ख्या पिढीने एकदम धंदा बदलला. रात्री-अपरात्री उसाला दारं धरणारी, पहाटे भाजीची गाडी भरून मंडई गाठणारी माणसं ठेकेदार झाली, पुरवठादार झाली, घरमालक झाली.

हडपसरला असे बदल नवे नाहीत. १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक सुरू झाली, इंडस्ट्रियल इस्टेट वाढली आणि आसपासच्या गावांतली पोरं शेतातून यंत्रावर गेली. १९६६ साली घोड्यांची पैदास करणाऱ्या पूनावाला कुटुंबाने सीरम इन्स्टिट्यूट काढली, तोही व्यवसायबदलच. पुढे मगरपट्ट्याची सायबर सिटी आली, फुरसुंगीकडची आयटी संकुलं आली आणि यंत्रावरच्या कामगारांची मुलं संगणकासमोर बसली. शेत, कारखाना, टेबल. प्रत्येक पायरीवर पगार वाढला, अंगावरचं ऊन कमी झालं आणि शरीराची हालचालही घटत गेली. आता चौथा टप्पा सुरू आहे. चाळिशीतला टेस्टिंग इंजिनिअर नोकरी सोडून डेटा सायन्स शिकतो आहे. कारखान्यातून व्हीआरएस घेतलेला फिटर नाश्त्याचा गाडा टाकतो आहे. मुलं मोठी झाल्यावर एखादी आई दहा वर्षांनी पुन्हा पेरोलच्या कामाकडे वळते आहे.

असा बदल करताना माणूस बारीक हिशोब मांडतो. किती महिन्यांचे हप्ते बाजूला काढायचे, कोर्सची फी किती, बायोडेटात मधली रिकामी वर्षं कशी दाखवायची, शाळेची फी कधी भरायची. शरीराचं खातं मात्र कोणी उघडत नाही. ‘एकदा बस्तान बसलं की व्यायाम सुरू करू’ हे वाक्य या काळात घराघरांत ऐकू येतं. या लेखातून मला सांगायचं आहे ते एवढंच, की हे वाक्य महागात पडतं. शिवाय, शरीर टिकवायला लागणारे कष्ट आपण समजतो त्यापेक्षा खूपच कमी असतात.

काम आणि शरीर यांचं नातं पहिल्यांदा नीट मोजलं गेलं ते लंडनच्या बसमध्ये. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरने तिथल्या दुमजली बसच्या चालकांची आणि वाहकांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची बस तीच, डेपो तोच, घरची परिस्थितीही बरीचशी सारखी. फरक इतकाच, की चालक दिवसभर बसून असे आणि वाहक तिकिटं फाडत रोज ५०० ते ७५० पायऱ्या चढत-उतरत असे. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि झाला तरी तो चालकांइतका जीवघेणा ठरत नव्हता. त्या वाहकांपैकी कोणी व्यायाम म्हणून पायऱ्या चढत नव्हता. ते आपलं काम करत होते.

आपल्याकडचं उदाहरण याहून जास्त बोलकं आहे. नागपूर, लखनौ, हैदराबाद आणि बंगळुरू इथल्या कारखान्यांत काम करायला गावाहून आलेल्या माणसांची तुलना संशोधकांनी त्यांच्या गावाकडेच राहिलेल्या सख्ख्या भावंडांशी केली. आईवडील तेच, बालपण तेच, रक्त तेच. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा गावाकडच्या पुरुषांत मधुमेहाचं प्रमाण सुमारे ६ टक्के होतं आणि शहरात आलेल्यांत १४ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. याच अभ्यासातून पुढे असंही दिसलं की अंगावरची चरबी वाढते ती मुख्यतः शहरात आल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत. यात खाण्याचा वाटा आहेच, पण हालचाल घटण्याचाही आहे. बदलाचा काळ शरीरासाठी सगळ्यात नाजूक असतो, हे या भावा-भावांच्या आकड्यांतून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

पुणेकरांनी तर ही गोष्ट जास्तच मनावर घ्यायला हवी. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला आहे. २००४ साली त्यांनी आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा फोटो छापला. दोघेही अंगाने बेताचे, दोघांचाही बीएमआय नेमका २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावत होते. याज्ञिकांनी आपल्या व्यायामाबद्दल लिहिलं होतं की सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ते गाठण्यापुरतंच आपण धावतो. भारतीय बाळ जन्मतः वजनाने कमी असलं तरी त्याच्या शरीरात तुलनेने चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, हे याज्ञिकांच्या संशोधनाचं सार आहे. म्हणून ‘मी कुठे जाड आहे’ या समाधानात आपण राहू नये. आपल्याकडे मुळात स्नायूंचं भांडवल कमी, त्यात काम बदलताना हालचाल थांबली की तेच भांडवल खर्ची पडतं.

किती लवकर? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी दहा निरोगी तरुणांना दोन आठवडे मुद्दाम कमी चालायला सांगितलं. रोजची सुमारे साडेदहा हजार पावलं साधारण तेराशेवर आणली. लिफ्ट वापरा, गाडीने जा, एवढंच. कोणी अंथरुणावर पडून नव्हतं. चौदा दिवसांत इन्शुलिनला दाद देण्याची त्यांच्या शरीराची क्षमता सुमारे १७ टक्क्यांनी घटली, दमसास ७ टक्क्यांनी कमी झाला आणि पायांचे स्नायूही थोडे झिजले. हा अभ्यास २०१० चा. दहा जणांचाच आहे, पण हे तरुण होते, तंदुरुस्त होते आणि अवधी होता फक्त दोन आठवड्यांचा.

यामागचं कारण समजायला अवघड नाही. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूंमध्ये जाते. एरवी स्नायूंच्या पेशींची दारं उघडायला इन्शुलिन लागतं. पण स्नायू आकुंचन पावतो, म्हणजे आपण चालतो, चढतो, उठतो-बसतो, तेव्हा ही दारं इन्शुलिनच्या मदतीशिवायही उघडतात. शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे, आणि खुर्चीत बसल्यावर नेमके तेच निवांत असतात. जेवून लगेच लॅपटॉपसमोर बसणाऱ्याच्या रक्तातली साखर बराच वेळ चढलेली राहते. तोच माणूस जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात शतपावली करून आला, तर ती चढण बोथट होते. आपल्या आजी-आजोबांची शतपावली अशी शरीरशास्त्राच्या कसोटीला उतरते.

आता नोकरी सोडून घरी बसलेल्या माणसाचा दिवस जवळून पाहू. ऑफिसला जाताना त्याला वाटायचं की आपण दिवसभर बसूनच असतो. पण पार्किंगमधून गेटपर्यंत, गेटपासून लिफ्टपर्यंत, जागेवरून कँटीनपर्यंत, दुसऱ्या मजल्यावरच्या मित्राकडे, चार वाजता गेटबाहेरच्या टपरीवर चहाला, बॉसने बोलावलं म्हणून लांबच्या मीटिंग रूमकडे, असं नकळत बरंच चालणं व्हायचं. आता सकाळी उठून तो बेडरूममधल्या टेबलापाशी बसतो. चहा जागेवर येतो. ऑनलाइन क्लास तीन तास, मग जेवण, मग पुन्हा तेच. मुलाखतही खुर्चीतच आणि भाजी अॅपवरून दारात. संध्याकाळी कोणी ‘नोकरीचं काय झालं?’ विचारेल या धास्तीने तो सोसायटीच्या बागेतही उतरत नाही. माझ्या मते हे शेवटचं कारण सगळ्यात जास्त नुकसान करतं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. फोनमध्ये पावलांची नोंद होत असेल, तर नोकरीतला एक आठवडा आणि घरातला एक आठवडा शेजारी-शेजारी ठेवून बघा. बऱ्याच जणांना या डॅनिश अभ्यासातले आकडे आपल्याच फोनमध्ये दिसतील.

दिलासा देणारी बाजूही तितकीच भक्कम आहे. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस इथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणावर ठेवलं होतं. त्यांचा दमसास धाडकन खाली आला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीस वर्षांच्या वयाने जेवढी घट झाली होती, त्यापेक्षा त्या तीन आठवड्यांनी केलेली घट मोठी भरली. मग पन्नाशीतल्या त्या पाच जणांना सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम दिला आणि वयामुळे गेलेला दमसास परत आला. म्हणजे शरीर जितक्या पटकन रुसतं, तितकंच ते मनवताही येतं.

पण मुद्दा गमावून परत मिळवण्याचा नाही, मुळात न गमावण्याचा आहे. त्याविषयी अमेरिकेतल्या रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग काम बदलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवेत. त्यांनी काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करून घेतला. मग वेगवेगळ्या गटांचा व्यायाम वेगवेगळ्या प्रकारे कमी केला. ज्यांचे दिवस सहावरून दोनवर आणले, त्यांचा दमसास पुढचे पंधरा आठवडे टिकून राहिला. ज्यांची वेळ ४० मिनिटांवरून १३ मिनिटांवर आणली, त्यांचाही टिकला. ज्यांचा जोर कमी केला, म्हणजे वेळ आणि दिवस तेच ठेवून व्यायाम सावकाश करायला लावला, त्यांचा मात्र उतरला.

याचा सरळ अर्थ असा. कमावलेला दमसास राखायचा असेल तर दिवस कमी केले तरी चालतं, मिनिटं कमी केली तरी चालतं, फक्त जेव्हा कराल तेव्हा श्वास फुलला पाहिजे. ताकदीचंही तसंच. अलाबामातल्या एका अभ्यासात सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा वजनांचा व्यायाम केलेल्यांनी पुढचे बत्तीस आठवडे फक्त एकच दिवस व्यायाम केला, तरी त्यांची ताकद टिकली. साठीपुढच्या माणसांना स्नायूंचा आकार राखायला थोडं जास्त करावं लागलं, एवढाच फरक.

म्हणून नोकरी सोडल्या-सोडल्या जिमची वर्षभराची फी भरण्याच्या मी विरोधात आहे. त्या उत्साहात माणूस शरीर घडवायला निघतो, तिसऱ्या आठवड्यात कोर्सची परीक्षा येते, जिम सुटते आणि खिशाबरोबर मनालाही टोचणी लागते. या काळात ध्येय फक्त राखण्याचं असावं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम अशी आहे. ती गाठता आली तर उत्तमच. पण अगदी ओढाताणीच्या आठवड्यात दोन दिवस पंधरा-वीस मिनिटं दम लागेल असं चालणं किंवा जिने चढणं, एक दिवस जोर-बैठका आणि रोज जेवणानंतरची शतपावली, एवढं सांभाळलं तरी आधी कमावलेलं बरंचसं हातात राहतं. दहा हजार पावलांचा धसका घेऊ नये. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत साठीच्या आतल्यांना आठ ते दहा हजार आणि साठीपुढच्यांना सहा ते आठ हजार पावलांच्या पुढे आयुर्मानाचा फायदा फारसा वाढताना दिसला नाही. त्याच्या खाली मात्र प्रत्येक हजार पावलं मोलाची आहेत.

जोर-बैठकांना पर्याय म्हणून सूर्यनमस्कार आहेतच. जागा लागते सतरंजीएवढी, पैसे लागत नाहीत, आणि वेग वाढवला की दमही लागतो. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन संस्थानातल्या शाळांपर्यंत ते पोहोचवणारे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी इथे आठवतात. गंमत अशी की ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या नावाचा कारखाना हडपसरला उभा राहिला, त्यांना १९१० साली जमीन देऊन किर्लोस्करवाडी वसवायला मदत करणारे हेच राजे. लक्ष्मणराव स्वतः मुंबईतल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलींचं दुकान चालवणारे आणि पुढे लोखंडी नांगर बनवणारे. मराठी उद्योगाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा व्यवसायबदल आणि सूर्यनमस्कारांचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता अशा रीतीने एका गावाच्या पायाशी भेटतात.

वेळ मिळत नाही, ही तक्रार खरी असते. पण बदलाच्या काळाचा एक फायदाही आहे. सवयी जागेला आणि वेळेला चिकटलेल्या असतात. जागा आणि वेळ बदलली की चांगल्या सवयी सुटतात, तशा वाईटही सुटतात. ब्रिटनमध्ये घर बदललेल्या लोकांवर केलेल्या एका अभ्यासात दिसलं की स्थलांतरानंतरच्या पहिल्या सुमारे तीन महिन्यांत लोक नव्या सवयी जास्त सहज उचलतात. नंतर ती खिडकी बंद होते. नव्या कामाच्या पहिल्या तीन महिन्यांत जे बसवाल ते बसेल. नवं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर असेल तर पहिल्या दिवशीच जिन्याने जा. पहिल्या आठवड्यात लिफ्टची सवय लागली की सुटत नाही.

हडपसरमध्ये हे जमवायचं तर अडचणी आहेत, त्या झाकून चालणार नाही. सोलापूर रस्ता ओलांडणं हीच एक कसरत आहे. अनेक ठिकाणी पदपथावर गाड्या, टपऱ्या आणि खोदकाम असतं. तरी पर्याय आहेत. मगरपट्टा आणि अमानोरासारख्या वसाहतींचे आतले रस्ते चालण्यासारखे आहेत. महापालिकेच्या बागांमध्ये ओपन जिम बसवलेल्या आहेत आणि तिथे फी नाही. भल्या पहाटे कॅनॉलच्या कडेने किंवा रामटेकडीच्या चढाने चालणारे भेटतात. देशातल्या पहिल्या बीआरटीचा प्रयोग २००६ साली कात्रज ते हडपसर याच रस्त्यावर झाला. त्याचं पुढे जे झालं ते झालं, पण बसने जाण्याचा एक फायदा कायम आहे. अमेरिकेतल्या एका पाहणीत सार्वजनिक वाहनाने जाणारे लोक थांब्यापर्यंत ये-जा करताना रोज साधारण १९ मिनिटं चालत होते. मुलाखतीला दुचाकीऐवजी पीएमपीने जा आणि गाडीतळाच्या एक थांबा आधी उतरा. पेट्रोलचे पैसेही वाचतात.

बायकांची अडचण वेगळी आणि जास्त कठीण आहे. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होतं आणि बायकांत ५७. घरकाम असूनही हे असं का, असा प्रश्न पडेल. स्वयंपाकघरातलं बरंचसं काम उभं राहून असतं, थकवणारं असतं, पण त्याने श्वास फुलत नाही. आणि दहा वर्षांनी नोकरीकडे वळणारी बाई घर, क्लास आणि मुलाखत या तिन्हींत वाटली गेल्यावर सगळ्यात आधी काय सोडते, तर स्वतःचा अर्धा तास. इथे उपाय तिने शोधायचा नसून घरच्यांनी द्यायचा आहे. संध्याकाळी सहा ते साडेसहा कुकर दुसऱ्या कोणीतरी लावायचा. घरातल्या मुलांना आणि नवऱ्याला एवढं जमायलाच हवं.

अमेरिकेच्या वेळेवर काम धरणाऱ्यांसाठी दोन शब्द. रात्री दोन-तीनला काम संपवून आल्यावर जोरकस व्यायाम करू नका, झोप उडते. उठल्यावर तासाभरात उजेडात चालायला बाहेर पडा. उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं आणि चालण्याने दिवस उघडतो.

सगळेच जण टेबलाकडे जात नाहीत. काहींचा प्रवास उलटा असतो. राज्य राखीव पोलीस दलाचे गट एक आणि दोन रामटेकडीलाच आहेत आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली या भागात पहाटे धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांना हालचालीचा सल्ला देण्याची गरज नाही. त्यांना गरज आहे हळूहळू अंतर वाढवण्याची आणि आठवड्यातून एक पूर्ण विश्रांतीची. भरतीची तारीख जाहीर झाल्यावर एकदम धावायला लागलेल्यांच्या नडग्या आधी बोलायला लागतात. टेबल सोडून गाडा, नर्सरी किंवा डिलिव्हरीच्या कामाला लागलेल्यांनी मात्र ‘आता दिवसभर अंगमेहनतच आहे’ म्हणून निश्चिंत राहू नये. कामावरच्या जड श्रमांचा हृदयाला तसा फायदा होत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. २०१८ मधल्या एका एकत्रित विश्लेषणात जड अंगमेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषांत लवकर मृत्यूची जोखीम हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी जास्त निघाली. तासन्‌तास उभं राहणं, ओझी उचलणं, विश्रांती न मिळणं हे त्यामागचं एक स्पष्टीकरण मानलं जातं. लंडनच्या वाहकाला पायऱ्या चढून मध्ये बसायला मिळत होतं, गाड्यावर दहा तास उभ्या असलेल्याला ते मिळत नाही. त्याने पाठीला आणि पायांना ताण देणं, दर दोन तासांनी पाच मिनिटं टेकणं आणि आठवड्यातून दोनदा मोकळ्या मनाने चालणं गरजेचं आहे. डिलिव्हरीवाल्याचे तर पाय हलतही नाहीत, पाठच हलते.

आषाढात दोन्ही पालख्या पुण्यातून निघाल्या की हडपसरला त्यांच्या वाटा फुटतात. माउलींची पालखी दिवे घाटाने सासवडला जाते, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. आयटी दिंडीत त्या दिवशी हजारो जण चालतात. पुणे ते सासवड हा तीस किलोमीटरांच्या घरातला आणि घाटाचा टप्पा आहे. वर्षभर खुर्चीत बसून त्या एका दिवशी घाट चढणाऱ्यांची मला धास्ती वाटते. पण तीन महिने आधीपासून तयारीला लागायचं ठरवलं, तर काम बदलणाऱ्यासाठी वारीसारखं दुसरं निमित्त नाही. तारीख ठरलेली, सोबत तयार, आणि वाटेत ‘सध्या काय करतोस?’ असं कोणी विचारत नाही.

मनाबद्दलही सांगायला हवं, कारण नोकरी नसलेल्या महिन्यांत झोप उडते ती काळजीने. सुमारे एक लाख नव्वद हजार लोकांच्या १५ अभ्यासांचं विश्लेषण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. आठवड्याला सव्वा तास झपझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांत, अजिबात न करणाऱ्यांच्या मानाने नैराश्याची जोखीम १८ टक्क्यांनी कमी होती. खचलेला माणूस मुळात कमी चालतो, हेही यात धरायला हवं. त्यामुळे चालणं हे उपचारांची जागा घेत नाही. झोप, भूक आणि उमेद आठवडेच्या आठवडे हरवली असेल तर डॉक्टरांकडेच जायचं. पण रोज दिवसाच्या उजेडात घराबाहेर पडण्याचं एक ठरलेलं कारण असणं, याची किंमत नोकरी गेलेल्या माणसाला विचारावी.

राजीनामा देणार असाल, तर नोटीस पिरियडमध्ये तीन कामं उरका. कंपनीचा आरोग्य विमा आणि वर्षाची मोफत तपासणी शेवटच्या दिवसानंतर मिळत नाही, म्हणून साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आत्ताच तपासून घ्या. छातीत दुखत असेल, चालताना धाप लागत असेल किंवा आधीच मधुमेह असेल तर व्यायाम किती आणि कसा, हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. आणि शिंप्याकडची टेप घेऊन कंबर मोजा. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेषा ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि सहा महिन्यांनी, नवं काम लागलेलं असो वा नसो, पुन्हा मोजा.